नुसत्या जाळीचं वारं

धाकटे, तुझी गोष्ट तुझ्यासमोर सांगायला गेलं की तू "तसं नव्हतं गं, ताई" म्हणून मध्येच तोडतेस आणि तीच गोष्ट दुप्पट लांब होते. म्हणून आज लिहूनच काढते, आणि तीही परक्या बाईची असल्यासारखी. तू आपली गप्प वाच. चुका काढायच्या त्या शेवटी काढ.

तर ही धाकटी. उभा जन्म तिने लोकांच्या कचेऱ्या, दुकानं, दवाखाने उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार करण्यात घालवला. स्वतःचं डोकं मात्र तिला कधी थंड ठेवता आलं नाही. त्या तीन मजली इमारतीच्या मालकाशी तर पहिल्याच भेटीत वाजलं. खाली फर्निचरचं दुकान, त्याचं दार दिवसभर सताड उघडं. मध्ये मालकाची कचेरी. वर, तापलेल्या गच्चीखाली, दातांचा दवाखाना. धाकटीचं म्हणणं, तीन मजल्यांच्या तीन तऱ्हा, तीन वेगळी यंत्रं घ्या. मालकाला मागच्या आवारात एकच मोठं यंत्र हवं होतं. का, तर त्याच्या मेहुण्याकडे तसंच होतं.

"दात काढायचा झाला तरी मेहुण्यांना विचारूनच काढता का?" धाकटी म्हणाली. मालक हसला, आणि एकच यंत्र बसलं.

बरं, एक तर एक. मधल्या कचेरीच्या छतातून हवेचा जाड नळ वर जात होता. त्यात धाकटीने झडप बसवून घेतली. तिची मूठ फिरवली की वर किती हवा जायची आणि मध्ये किती राहायची ते ठरतं. चाचणीच्या वेळी ती झडप जवळजवळ मिटली होती. उघडायची राहिली. तेवढ्यात सुताराने खालून फॉल्स सीलिंग ठोकलं, रंगाऱ्याने रंग फासला, आणि हात घालण्यापुरतं झाकण ठेवायला हवं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. धाकटी तिथे हजर होती. पडद्यांच्या रंगावरून सुताराशी हुज्जत घालत होती. पडद्यांशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

उन्हाळा लागला. मधल्या मजल्यावर हिशेबनीस बाई शाल पांघरून बसायला लागल्या, आणि वर दंतवैद्य बाईंच्या खुर्चीत लोक आ वासून घामाने निथळायला लागले. दंतवैद्य बाईंनी जागा सोडायची भाषा केली. मालकाने धाकटीला बोलावून घेतलं.

"बाई गेल्या तर तुमचं यंत्र आधी उचला. आणि कशामुळे गेल्या ते मी चारचौघांत सांगणार."

धाकटी घाबरली ती या दुसऱ्या वाक्याला. तिच्या धंद्यात काम मिळायचं ते एकाने दुसऱ्याला सांगून. ही तोंडं फिरली की दुकान बंद.

ती आपल्या जुन्या मिस्त्रीला आणि घडीच्या शिडीला घेऊन आली, भिंतीपासून टेप लावला, खूण केली आणि मालक नको नको म्हणत असताना नव्याकोऱ्या छताला करवत लावली. छताचा तुकडा हिशेबनीस बाईंच्या टेबलावर पडला. वर अंधार, धूळ, आणि नळाचा पत्ताच नाही.

"मॅडम," मिस्त्री हळूच म्हणाला, "तुम्ही कपाटापासून मोजलं. भिंत त्याच्या मागे आहे."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"आधी बोललो की तुम्ही ओरडता."

"आता हे भोक दिवसभर माझ्याकडे बघत बसणार?" मालक किंचाळला.

दुसरं भोक बरोबर पडलं. पण झडपेची मूठ नळाच्या वरच्या अंगाला! ती तशी बसवणारा हाच मिस्त्री. आता तो गंभीरपणे करवतीचे दात तपासू लागला. धाकटीने खांद्यापर्यंत हात आत घातला, कोपर सोलून घेतलं, तोंडातून जे यायचं ते आलं, आणि मूठ फिरली. थोड्या वेळाने दंतवैद्य बाई जिन्यातून ओरडल्या, "आली! आली हो हवा!"

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या भोकाला झाकण बसलं आणि पहिलं वाईट दिसायला लागलं, म्हणून मिस्त्रीने त्याला एक जाळी ठोकून दिली. मागे काही नाही. नळ नाही, हवा नाही, नुसती जाळी.

आठवड्याने मालकाचा फोन. "मॅडम, त्या जाळीचं वारं फार छान. सगळे तिच्याखालीच टेबलं ओढताहेत. अशा आणखी दोन बसवा ना."

धाकटी तशीच तडक गेली. शिडी अजून तिथेच होती. तिच्यावर चढून तिने जाळीसमोर पातळ कागदाची पट्टी धरली. पट्टी तसूभरही हलली नाही.

"बघा! काही येतंय का?"

हिशेबनीस बाईंनी मान वर करून नीट पाहिलं. "आज जरा कमी आहे," त्या म्हणाल्या.

धाकटी खाली उतरली, पर्स उचलली आणि शिडी तिथेच टाकून निघून आली.

आता इतकंच. त्या संध्याकाळी तू म्हणालीस, "ताई, मी मेले तरी त्या कचेरीत पाऊल टाकणार नाही. तूच जा आणि माझी शिडी घेऊन ये." मी हो म्हटलं. मग माझे गुडघे दुखले, मग पाहुणे आले, मग रिक्षात शिडी कशी मावेल याचा विचार करण्यात दिवस गेले. मध्यंतरी दंतवैद्य बाई भेटल्या होत्या. शिडी अजून जाळीखालीच आहे म्हणाल्या. हिशेबनीस बाई तिच्या वरच्या पायरीवर ओला रुमाल टाकतात, तिथे तो लवकर वाळतो म्हणून.