दूध कट्ट्यावरचं दहाचं नाणं

कोल्हापुरात दहाचं नाणं चालत नाही, ही अफवा कुणी सोडली देव जाणे. मी बँकेतला माणूस, त्यामुळे माझं डोकं फिरायचं. एका संध्याकाळी दूध कट्ट्यावर, जिथं गवळी गिऱ्हाइकासमोरच धार काढून देतात, म्हशीचं धारोष्ण दूध आधी पिऊन टाकलं आणि मगच गवळ्याच्या हातावर दहाची नाणी ठेवली.

“चालत न्हाईत, पावणं.”

“पैशाची किंमत सरकार ठरवतं, तुम्ही न्हाय. नको असतील तर दूध परत घ्या.”

सगळा कट्टा हसला. त्यानं नाणी खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी दूध पिऊन मी पाचशेची नोट दिली. त्यानं एक जड पिशवी काढली आणि सुट्टे म्हणून माझ्या ओंजळीत दहाची नाणीच ओतली.

“सगळ्या कट्ट्यानं आपापली आणून दिल्यात, पावणं. सरकारचीच हायत की.”