मागचं दार मोकळं

माझ्या वहिनीच्या व्हिजिटिंग कार्डावर 'इव्हेंट प्लॅनर' असं छापलंय, शेजारीपाजारी तिला कार्यक्रमवाली म्हणतात आणि ट्रकमधून सामान उतरवणारी आमची माणसं तिच्यामागे तिला सायरन म्हणतात. ही तिन्ही नावं तिला शोभतात. कुठल्याही हॉलमध्ये तिच्याआधी तिचा आवाज पोचतो, आणि तो पोचला की खुर्चीवर टेकलेला माणूस ताडकन उभा राहतो. मी तिचा धाकटा दीर. दिव्यांचं आणि वायरिंगचं काम माझ्याकडे असतं. नऊ वर्षं तिच्या हाताखाली काढलीत, तेव्हा ताडकन उभं राहण्यात माझा पहिला नंबर.

तिचा स्वभाव भित्रा आहे, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. लग्नाआधी ती एका हॉटेलात रिसेप्शनला होती. तिथे एकदा भर कार्यक्रमात लाईट गेले आणि जिन्यावर शंभरेक माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळली. सगळी वाचली. पण तेव्हापासून हिला जी धास्ती बसलीय ती काही गेलेली नाही. शामियाना पडेल, वायर तापेल, म्हातारा घसरेल, पोर हरवेल, अशी हिची रात्रंदिवस उजळणी चालू. दादाचं याच्या अगदी उलट. त्याचं औषधाचं दुकान आहे, आणि घराला आग लागली तरी तो आधी हातातला चहा संपवेल. दोन खोल्यांच्या घरात जेवायचं टेबल हेच वहिनीचं ऑफिस, पलंगाखाली माझ्या केबलची भेंडोळी, आणि पाहुण्यांच्या जुन्या याद्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर माझी पुतणी टिकली गणितं सोडवते. टिकलीला नववं वर्ष लागलंय. आईच्या पावलांच्या आवाजावरून तिला आईचा मूड कळतो. मलाही कळतो म्हणा.

वहिनीच्या कामाची एक रीत आहे, आणि तिच्यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास. सकाळी दहाला हॉलचं प्रत्येक दार ती स्वतःच्या हाताने उघडून बघते. मग हॉलमधले दिवे मंद करायच्या आधी वॉकीटॉकीवर हजेरी घेते, माणसांची नव्हे, दारांची.

"पुढचं दार?"

"मोकळं."

"मागचं दार?"

"मोकळं."

सगळी उत्तरं आल्याशिवाय ती अंधार होऊ देत नाही. आमच्या अकरा जणांच्या कानात ती हजेरी घुमत असते. एका दारापुढे खुर्च्यांची थप्पी होती म्हणून तिने एकदा चालू कार्यक्रम पंचवीस मिनिटं थांबवला होता आणि खुर्चीवाल्याची वॉकीटॉकीवर, सगळ्यांच्या कानात, अशी सालटी काढली की तो माणूस परत आमच्याकडे आलाच नाही. त्यानंतर दारापुढे कधी कुणी खुर्च्या ठेवल्या नाहीत, असं ती मोठ्या अभिमानाने सांगते. ठेवायचे की! ती यायच्या आत आम्ही त्या उचलायचो, एवढंच.

त्या रविवारी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीला पंचवीस वर्षं होत होती. दुपारचा कार्यक्रम, कामगारांच्या बायकामुलांसकट चारशे माणसं. एवढं मोठं काम वहिनीला पहिल्यांदाच मिळालं होतं. कंपनीच्या मालकीणबाईंना फोटोंसाठी फुलांची भिंत हवी होती, अठरा फूट लांब आणि दहा फूट उंच, आणि ती नेमकी मागच्या दारापुढे. वहिनी त्यांच्याशी चार दिवस भांडली. शेवटी तडजोड झाली की भिंत दारापासून दोन हात पुढे उभी करायची आणि डावीकडून माणसं आत शिरून दारापर्यंत जाऊ शकतील एवढी वाट ठेवायची. दहा वाजता तिने ते दार उघडलं, बाहेरच्या अंगणात डोकावली, दार लोटलं आणि यादीवर बरोबरची खूण केली.

भिंत उभी राहिली ती साडेअकराला, आणि उभी राहिल्या राहिल्या पुढे झुकायला लागली. पाईपचा सांगाडा हलका आणि फुलं पाणी पिऊन जड. सांगाड्याच्या पायावर ठेवायच्या वाळूच्या गोण्या ट्रकमध्ये राहिल्या होत्या, आणि ट्रक गोदामाकडे निघून गेला होता. हॉलच्या भिंतींना खिळा ठोकायला बंदी. वहिनी लांबूनच ओरडली, "ती भिंत हलली ना, तर तुझी खैर नाही!"

मी मागे गेलो. सांगाड्याला ओढून धरेल असं तिथे मजबूत काही होतं तर ते दार. त्याच्या दोन्ही फळ्यांना लोखंडी मुठी होत्या. मी तारेचे तीन वेढे घालून दोन्ही मुठी एकत्र आवळल्या आणि तीच तार सांगाड्याला बांधली. भिंत सरळ झाली. ट्रकवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "अर्ध्या तासात गोण्या घेऊन येतो." म्हटलं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, गोण्या आल्या की तार सोडू.

गोण्या आल्या नाहीत. पाहुणे आले.

मग माझी जी गाळण उडाली ती काय सांगू! तार सोडावी तर दहा फुटांची भिंत फोटो काढणाऱ्यांच्या डोक्यावर, न सोडावी तर मागचं दार बंद. भिंतीपुढची रांग काही संपेना. म्हातारे, तान्ही बाळं, नवी जोडपी, सगळे हसून फोटो काढत होते आणि मी दिव्यांच्या बोर्डापाशी उभा राहून घामाने भिजत होतो. दोनदा मी वहिनीला सांगायला निघालो. पहिल्यांदा ती पाणी वाढणाऱ्याला झापत होती, तेव्हा मागे फिरलो. दुसऱ्यांदा ती एकटी होती. मला बघून म्हणाली, "काय रे? चेहरा का असा?"

"काही नाही," मी म्हणालो.

भाषणं झाली. पुढे लहान मुलांचा नाच होता. नाचणाऱ्यांपैकी एका मुलीला ताप आला म्हणून बाराव्या जागी आमच्या टिकलीला घेतलं होतं. नाचात धूर सोडायचा होता, त्यामुळे हॉल काळोखा करायचा होता. वॉकीटॉकी खरखरली.

"पुढचं दार?"

"मोकळं," फुलवाला म्हणाला.

"मागचं दार?"

ते माझ्याकडे होतं. खरं बोलावं तर ती नाच थांबवणार, मालकीणबाई बघणार, आणि नऊ वर्षांच्या कामाची अब्रू अकरा जणांच्या कानात जाणार. नाच फक्त पाच मिनिटांचा होता.

"मोकळं," मी म्हणालो.

दिवे मंद केले आणि बोर्ड सोडून पळालो. नाच चालू असताना फोटो कुणी काढत नाही, तेवढ्यात मुठींची तार तोडायची आणि सांगाडा हाताने धरून ठेवायचा, असं डोक्यात होतं. पक्कड खिशात होती. टॉर्च बोर्डावर राहिली. भिंतीमागे डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. मी गुडघ्यावर बसून बोटांनी तार चाचपायला लागलो. स्वतः घातलेले वेढे स्वतःलाच सापडेनात.

तेवढ्यात पलीकडे काहीतरी बिनसलं. धुराचं यंत्र नवीन होतं आणि त्याचं बटण अडकलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. हॉलमधल्या लोकांना एवढंच दिसलं की स्टेजखालून पांढरे लोट येतायत आणि थांबत नाहीयेत. एक बाई किंचाळली, "आग! आग लागली!" त्यासरशी चारशे खुर्च्या एकदम सरकल्या. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. दिवे लावायचं काम माझं, आणि मी बोर्डापाशी नव्हतो.

मग वहिनीचा आवाज आला. त्या गोंधळातही खणखणीत, जराही न कापणारा. "मुलांनो, हात धरा एकमेकांचे! माझ्यामागे या! मागच्या दाराने, मागच्या दाराने!"

ती मुलांना घेऊन माझ्याकडे येत होती.

"इकडे नको" एवढं ओरडायचं होतं, पण मी तारच चाचपत राहिलो. बारा मुलं त्या दोन हातांच्या बोळकांडीत घुसली आणि त्यांच्या मागोमाग मोठी माणसं घुसायला लागली. कुणाचा तरी पाय माझ्या पाठीवर पडला. वहिनीने माझ्या डोक्यावरून दाराला धक्का मारला. दार एक बोट हललं आणि अडलं. तिने पुन्हा मारला. "उघड ना रे!" ती दाराला म्हणाली, आणि आता तिचा आवाज कापत होता. मागून रेटा वाढत होता. एक पोरगं "श्वास, श्वास" असं काहीतरी म्हणत होतं. आणि अगदी माझ्या कानापाशी टिकली म्हणाली, "आई, ढकलू नकोस गं, हात... हात दाबला जातोय."

पक्कड तारेवर बसली. एक वेढा तुटला. दुसरा. तिसऱ्याला माझ्या अंगात जेवढी ताकद होती तेवढी लावली, आणि दार असं उघडलं की सगळी मुलं एकमेकांवर अंगणात जाऊन पडली. मागे भिंत कडाडून पुढे कोसळली. नशीब, भिंतीपुढे कुणी उरलं नव्हतं, बाकीचे सगळे पुढच्या दाराने पळाले होते. मी तारेचे तुकडे मुठीत गोळा केले आणि खिशात घातले. हे मात्र माझ्या हातांना न चाचपडता जमलं.

अंगणात वहिनी मुलं मोजत होती. बारा भरली तेव्हा ती पाण्याच्या पिंपाला टेकून उभी राहिली. "कुणाला लागलंय का?" तिने विचारलं. दोघातिघांनी खरचटलेले गुडघे दाखवले. टिकली हात पाठीमागे धरून उभी होती. "टिकले, तुला?"

"नाही."

पुढे झालं ते अजब होतं. धूर खोटा होता हे कळल्यावर लोक हसले, जेवले, आणि मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर माइकवरून वहिनीचे आभार मानले. केवढं प्रसंगावधान, दोन मिनिटांत मुलं बाहेर! पुढच्या वर्षाचं कामही तिथल्या तिथे तिलाच दिलं. वहिनीने हात जोडले. भिंतीमागच्या काळोखात मी तिला दिसलो नव्हतो, आणि तिला वाटत होतं सकाळी उघडलेलं दार गंजल्यामुळे ऐनवेळी अडलं. हॉलच्या मॅनेजरला ती अशी काही बोलली की तो बिचारा दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत बसला, आणि मी बाजूला उभा राहून ते बघितलं. मला माझी लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, त्यामुळे तोंड काही उघडलं नाही.

मंगळवारी सकाळी मी केबल आणायला त्यांच्या घरी गेलो. दादा दुकानात गेला होता. टेबलावर मॅनेजरला पाठवायचं तक्रारीचं पत्र अर्धवट लिहून पडलं होतं, आणि वहिनी टिकलीची वेणी घालत होती. पोरगी अशी ताठ बसली होती की मला तेव्हाच काहीतरी खटकलं. वहिनीने वेणीची रिबीन तिच्या उजव्या हातात धरायला दिली. रिबीन खाली पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली.

"धर ना नीट!" वहिनी कावली, आणि तिने टिकलीच्या फ्रॉकची लांब बाही वर सरकवली.

मनगट सुजून टम्म झालं होतं, काळंनिळं. दोन दिवस पोरीने डाव्या हाताने जेवण केलं होतं, डाव्या हाताने अभ्यास केला होता, आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेही त्या बाईच्या घरात, जिला चारशे माणसांत कोणाच्या बुटाची नाडी सुटलीय ते दिसतं.

"हे कधी झालं?"

"दारात."

"परवा? अगं, मी विचारलं होतं तुला! सांगितलं का नाहीस?"

टिकलीने बाही पुन्हा खाली ओढली. मग अगदी हळू म्हणाली, "तू ओरडशील म्हणून."

वहिनीच्या हातातला कंगवा तसाच राहिला. आणि माझ्या तोंडून, मी न ठरवता, शब्द बाहेर पडले. "वहिनी, दार गंजलं नव्हतं. मी बांधलं होतं. भिंत पडू नये म्हणून तारेने बांधलं होतं. तू विचारलंस तेव्हा बांधलेलंच होतं."

ती माझ्याकडे वळली. मी डोळे मिटून घेतले, आता आभाळ कोसळणार म्हणून. काहीच कोसळलं नाही. डोळे उघडले तर ती जमिनीवर बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नऊ वर्षांत मी तिला शंभर वेळा घाबरलेली पाहिलीय, पण अशी कधी नाही.

"मी पोरांना तिकडे नेलं," ती म्हणाली. "तू मोकळं म्हणालास, म्हणून नेलं." मग तिने विचारलं, "तू पण त्याचसाठी? मी ओरडेन म्हणून?"

"हो."

"आणि बाकीचे? ते मला 'मोकळं' म्हणतात तेव्हा?"

मला खुर्च्यांच्या थप्प्या आठवल्या. वायरच्या उघड्या जोडण्या आठवल्या, ती यायच्या आत चिकटपट्टी लावून झाकलेल्या. मी पलंगाखालची केबल ओढून गुंडाळायला लागलो, आणि तिला उत्तर पोचलं. ती नऊ वर्षांचे कार्यक्रम एकेक करून आठवत असावी. प्रत्येक हॉल, प्रत्येक दार.

मग तिने स्वतःला सावरलं. टिकलीचा हात अलगद आपल्या मांडीवर घेतला आणि जमेल तेवढ्या मऊ आवाजात विचारलं, "खूप दुखतंय का गं?"

टिकलीने आधी मान वर करून आईचा चेहरा नीट न्याहाळला, आणि मगच म्हणाली, "फार नाही."