नवीन मॉडेल येईपर्यंत

टीव्ही घ्यायचा म्हटलं की आमच्या चाळीतले लोक आधी शेजारच्या काकांना विचारायचे. ते कचेरीत कारकून होते, पण वैद्याने नाडी बघावी तसे डोळे मिटून मत द्यायचे. "शुक्रवारी दुकानात जाऊ नका. आपल्या भिवंडीतले सगळे पॉवरलूम बंद असतात, व्होल्टेज चांगलं मिळतं, कुठलाही टीव्ही छानच दिसतो. लूम चालू असताना बघा. आणि स्टॅबिलायझरशिवाय घरी आणू नका."

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र टीव्ही नव्हता. आधी रंगीत स्वस्त व्हायचा होता, मग रिमोटवाला यायचा होता. "थांबायचं रे. नवीन मॉडेल येतंय," म्हणायचे.

काकू रविवारी आमच्या दारात चौकटीला टेकून सिनेमा बघायच्या. आई आत बोलवायची. "नको, कुकर लावलाय," म्हणायच्या आणि सिनेमा संपेपर्यंत तशाच उभ्या राहायच्या.

एका थंडीत काकू गेल्या. आजारपण असं काही फार दिवसांचं नव्हतं.

महिन्याभराने एका रविवारी सिनेमा सुरू झाला आणि काका आमच्या दारात येऊन उभे राहिले, त्याच चौकटीला टेकून. मी खुर्ची पुढे केली.

"नको रे, कुकर लावलाय."

सिनेमा अर्धा झाला तरी ते तसेच उभे होते. मग म्हणाले, "आईला मिक्सर घ्यायचा म्हणत होतास ना?"

"हो. तुम्हालाच विचारणार होतो, कुठला घेऊ?"

"कुठलाही घे," काका म्हणाले. "उद्याच घे."