अर्धगोळ्यातला रुपया

सुरतेच्या उधन्यात पाट्या आणि ट्रॉफ्या बनवणारा तो माणूस बोलताना समोर बघायचा नाही. तेवढ्यावरूनच मला त्याचा भरवसा वाटेना.

सातवीत शाळा सोडून सुरतेला आलो, तेव्हा आईने गळ्यातल्या माळेतला चांदीचा रुपया काढून दिला होता. खोलीत माणसं फार. कोणी तो खिशात घालू नये म्हणून मी तो ॲक्रिलिकच्या जाड, पारदर्शक अर्धगोळ्यात बसवून घेतला. यंदा धनतेरसच्या आधी आई फोनवर म्हणाली, "कोंडलेल्या लक्ष्मीला दुधाची आंघोळ कशी घालू रे? काढून आण."

"रखके जाओ भाऊ, कल आना," तो म्हणाला.

"माँ का दिया रुपया है," म्हणत मी स्टूल ओढून तिथेच बसलो. तो रागावला नाही. टेबलावरचा दिवा माझ्याकडे वळवला, बाह्या कोपरापर्यंत सारल्या. करवतीने तळ कापला, गरम हवा दिली आणि अंगठ्याने रुपया बाहेर ढकलला.

रुपया लहान होता. रोज बघायचो त्याहून चांगलाच लहान.

"ये मेरा नहीं है," मी म्हणालो.

त्याने रुपया परत खळग्यात ठेवून अर्धगोळा माझ्यासमोर धरला. वरून रुपया पुन्हा मोठा दिसला.

"माँ ने इतना ही दिया था, भाऊ. बड़ा तो इसमें दिखता था."

मी पैसे देऊन बाहेर आलो. त्याला दिसणार नाही असा भिंतीआड उभा राहिलो आणि माळेच्या कडीची जुनी खूण रुपयाच्या कडेवर बोटाने शोधली.

आतून आवाज आला, "निशानी मिली, भाऊ?"