फेट्याच्या घडीतला लाल

आमच्या आत्याच्या यजमानांइतका लाल रंगाचा नाद लागलेला माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आणि झालाच असेल, तर त्याच्या बायकोने त्याला घरात ठेवला नसेल. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. पलटणीतून सुभेदार होऊन मेढ्याला परतलेल्या माणसाने कसं, चावडीवर बसून लढाईच्या बाता माराव्यात. छे! यांनी दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे रंगवायला घेतले. बोटाएवढे मावळे! बाजारात लाल रंगाचा एक फटकारा मारला की फेटा तयार. मामांच्या मावळ्याच्या फेट्याला घड्या असत, आणि घडीच्या पोटातला लाल वेगळा, पाठीवरचा वेगळा. आत गेरू, वर कुंकू, उन्हाच्या अंगाला शेंदराचा पुसट हात. आणि एक लाल कुठे संपला नि दुसरा कुठे लागला ते दिसता कामा नये. दिसलं की मावळा पुन्हा आंघोळीला. मी साताऱ्याला मास्तर. एकदा म्हणालो, "मामा, लाल तो लालच की!" चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, तुमी पोरांस्नी काय शिकवताय, देव जानं."

कुंचल्यासाठी त्यांनी शेजारणीच्या शेळीची शेपटी भादरली होती. कुंकवासाठी आत्याचा करंडा होताच. आत्या कडाडायची, "आवं, बायकूच्या कपाळाचं मातीच्या डोस्क्याला फासताय, काय वाटतंय का?" मामा थंडपणे सांगत, "तुज्याच कपाळासाठी लढत्यात ती." यावर आत्याला हसू येई, आणि हसू आलं म्हणून ती जास्तच चिडे.

मग महायुद्धात त्यांचा एकुलता एक मुलगा ब्रह्मदेशात गेला, आणि तार आली: मिसिंग. भावकीतल्या बायका जमल्या. सुनेच्या कपाळाकडे बघत कुजबूज सुरू झाली. मामा ओसरीवर ताठ उभे राहिले आणि परेडच्या आवाजात गरजले, "मिसिंग म्हंजे गैरहजर! गैरहजर शिपायाला मयत धरायचा हुकूम कुनी दिला?" बायका पांगल्या, पण जिभा कुठल्या थांबायला. सुनेनेच भिऊन आपला करंडा ट्रंकेत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वयंपाकघराच्या दाराशी उभे. "सूनबाई, चिमूटभर कुंकू दे गं, फेटा आडलाय. पर आदी तुज्या कपाळाला लावून दाव. रंग बघू दे." तिने ट्रंकेतून करंडा काढून बोटाने लावलं. मामांनी एक डोळा मिटून लांबूनच पाहिलं, "झ्याक!" म्हणाले आणि वाटी घेऊन गेले. तेव्हापासून रोज सकाळी हेच. दिवाळी असो वा शिमगा, सासऱ्याचा फेटा अडलेलाच. माळ्यावर मावळे मावेनात. सून विसरली तर आत्याच हाक मारायची, "अगं, मामंजी खोळंबल्यात!"

युद्ध संपलं. जावळीतली किती पोरं परत आली, आमचा आतेभाऊ काही आला नाही. मामांचं मागणं थांबलं नाही. ते स्वतः गेले तेव्हाच थांबलं.

त्या दिवशी मी तिथे होतो. मामांचं ते दाराशी येऊन उभं राहणं आठवलं आणि मला रडू आवरेना. बायका आत्याजवळ आल्या. आत्याने कुणाला हात लावू दिला नाही, आपलं कुंकू आपणच पदराने पुसलं. मग त्यांच्या नजरा हळूच सुनेकडे वळल्या. आत्या उठली, सुनेला पाठीशी घेऊन उभी राहिली. "माजं पुसलं, तेवढं बास झालं. हिच्याकडं कुनी बघायचं न्हाई," म्हणाली.

आणि मेढ्यात पुढे कुणी बघितलं नाही.