सूत की सिलिकॉन

३ डिसेंबर. होडीच्या फटी कशाने भरायच्या, ते त्या दिवशी ठरवायचं होतं.

मी हॉटेलांच्या सजावटीच्या कामावर साइट सुपरवायझर आहे, राहते गोडादऱ्याला. डुमस रोडवरच्या नव्या हॉटेलसाठी आमच्या शेठने एक जुनी लाकडी होडी घेतली होती. हॉटेलच्या तळ्यात सोडायची, असं ठरलेलं. होडीचे मालक मगनकाका, वय सत्तरच्या पुढे. पाण्यात राहणार असेल तरच देतो, असं सांगून त्यांनी ती दिली होती, आणि दुरुस्तीला स्वतः येत होते.

होडीच्या दोन फळ्यांमधल्या फटीत तेलात भिजवलेलं सूत ठोकून बसवतात, वरून राळेचा लेप देतात. पाण्यात सूत फुगतं, फळ्याही फुगतात, फट बंद होते.

पांडेसऱ्याहून मी सूत आणलं होतं. काकांनी एक धागा काडीने पेटवला. टोक वितळून त्याचा कडक मणी झाला.

"बेन, हे पॉलिस्टर. होडी साडी नेसणार आहे का?"

"दुकानदार कॉटन म्हणाला होता, काका."

"पॉलिस्टर पाणी पीत नाही. राहू दे, मी बघतो." ते फोन घेऊन बाजूला गेले.

मी शेठला फोन लावला. कॉटन मिळायला दोन दिवस लागतील, म्हटलं.

"कॉटन कशाला? तळं कॅन्सल झालंय. बोट गेटवर ठेवायची, आत कुंड्या. सिलिकॉन मार."

"काकांना सांगितलंत?"

"तू सांग ना. रोज तूच बोलतेस."

कामापुरतं शेठचं बरोबर होतं. कोरड्यात फळ्या आकसतात आणि सूत गळून पडतं. मी सिलिकॉनच्या नळ्या मागवल्या. काकांना दुपारी चहाच्या वेळी सांगू, असं ठरवलं. नळ्या चहाच्या आधी आल्या.

काकांनी एक नळी हातात फिरवून पाहिली. "पाण्यात फळी फुगली की हे बाहेर येईल, बेन." मग नळी खाली ठेवली. "म्हणजे फुगणारच नाही."

"तळं रद्द झालं, काका. गेटवर ठेवणार आहेत."

"केव्हा कळलं?"

"सकाळी."

"मी घरी बायकोला फोन केला होता. ती सुतासाठी माझी जुनी सुती धोतरं उसवत बसली असेल." त्यांनी पुन्हा फोन काढला, नंबर लावला नाही, खिशात ठेवला.

थोड्या वेळाने ते होडीत उतरले. तळाशी खडूने तीन फुल्या मारल्या.

"उघड्यावर ठेवायची तर इथे भोकं पाडा. नाहीतर पावसाचं पाणी साचून सडेल. उद्या मी येत नाही."

मटेरियल बदललं की आधी माणसाला सांगावं, मग ऑर्डर द्यावी. मी उलट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठला साइटवर गेले. पहिल्या फुलीवर ड्रिल लावलं. लाकूड आतून पक्कं होतं. तीन भोकं पाडायला अर्धा तास लागला.