फुलाखालचं नाव

उम्मेहानीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते ती माझ्या दारातला कचरा गोळा करत होती म्हणून. ती माझ्याकडे कामाला नव्हती. बोगनवेलीखाली गळून पडलेली गुलाबी फुलं ती एकेक उचलून उजेडात धरायची, काही ओढणीत ठेवायची, काही परत टाकायची. कचऱ्यात निवड करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

"बकरीला नेतेस का गं?" मी विचारलं.

"न्हाय बाई. बकरी तोंड लावत न्हाय याला. कार्डाला पाहिजेत."

"कसल्या कार्डाला?"

"लग्नातल्या भेटीवर लावायच्या. रोज नेली तर चालंल का?"

मी म्हटलं, ने. माझा झाडण्याचा त्रास वाचला.

मी तेरखेड्याच्या शाळेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर इथेच घर बांधलं. या गावात फटाके होतात, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या घरातलं कुणी ना कुणी कारखान्याच्या शेडवर जातं. उम्मेहानी अणदूरहून इथे सून म्हणून आली. नवरा वसीम टेंपो चालवतो. सासू शरिफाबी हिचं सारं आयुष्य शेडवर कागदाच्या नळ्या वळण्यात गेलं. सुनेलाही तिनेच कामाला नेलं.

उम्मेहानीने ते काम बरीच वर्षं केलं. सोडलं ते चपातीमुळे. फटाक्याच्या दारूतली चंदेरी भुकटी हाताला बसायची आणि साबणाने धुतली तरी कणकेत उतरायची. वसीम आधी गमतीने म्हणायचा, "वर्ख लावलास व्हय? मी काय नवाब हाय का?" पुढे तो न बोलता खायला लागला. मग एक दिवस त्यांची मुलगी निखत, तेव्हा बालवाडीत होती, चपातीचा तुकडा उन्हात धरून म्हणाली, "अम्मा, माझी जास्त चमकती." उम्मेहानीने त्या दिवशीची कणीक टाकून दिली आणि दुसऱ्या दिवशी शेडवर गेली नाही.

घरात भांडण झालं नाही. शरिफाबी एवढंच म्हणाली, "म्या आयुष्यभर तसल्याच खाल्ल्या. मेले का?" मग तिला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत विषय बदलला होता.

पण शेडचा मुकादम रामहरी दर उन्हाळ्याच्या शेवटी दारात येऊन विचारायचा, "यंदा येतीस का?" दिवाळीचं काम तेव्हा जोरात सुरू होतं. त्याला नाही म्हणायचं तर घरात दुसरं काहीतरी चालू असावं लागतं. उम्मेहानीचं ते दुसरं काहीतरी म्हणजे ही कार्डं.

शेडवरून तिने दोनच गोष्टी आणल्या होत्या, चमकत्या कागदाची कात्रणं आणि खळ शिजवण्याची रीत. जुन्या वर्तमानपत्राचे थर खळीने एकमेकांवर बसवायचे, चहाच्या पाण्याचा हात द्यायचा आणि पाट्याखाली दाबून वाळवायचे, की जाड, बदामी कार्ड तयार. त्यावर ती फूल मांडायची. माझ्या बोगनवेलीची पाकळी, माळावरच्या तरवडाचं दाबलेलं पिवळं फूल, कधी कांद्याची साल कापून केलेली पाकळी. देठ जरीच्या दोऱ्याचा, टाका घालून. पानं चमकत्या कागदाची. मधल्या परागाला ओल्या खळीवर चाळलेली रांगोळी. कांद्याच्या सालीचं फूल मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कोणत्या झाडाचं आहे असं तिला विचारलं होतं. तिने खरं ते सांगितलं, आणि मी चष्मा पुसला.

देणाऱ्याचं नाव ती फुलाखाली लिहायची. फुलाची वरची कडा मोकळी असायची. ती हळूच उचलली की खाली नाव. मी म्हटलं, नाव वर का नाही?

"वर लिवलं की दिखावा दिसतो, बाई. अम्मी म्हणती, उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये."

"मग लिहायचंच कशाला?"

"लोकं लिव म्हणतेत."

फुलाची वरची कडा तेवढी मोकळी. बाकी सगळं पक्कं. तिला हलकं चिकटवताच येत नव्हतं. मैद्याची खळ ती मोरचूद घालून शिजवायची, म्हणजे कसर लागत नाही, आणि मग ज्या खोक्यावर कार्ड लावायचं त्यावर तळहाताने असा दाब द्यायची की खोकं वाकायचं. "ढिलं राहिलं की माणूस जातं," ती म्हणायची. फटाक्याच्या बाबतीत ते बरोबर होतं.

स्टँडजवळ शिवलिंगप्पांचं लेडीज अँड जनरल स्टोअर आहे. लग्नसराईत त्यांच्याकडे भिंतीवरची घड्याळं, जेवणाचे डबे, लेमन सेट हे सगळं भेट म्हणून खपतं. त्यांनी उम्मेहानीची कार्डं ठेवली. गिऱ्हाईक भेट पसंत करून नाव सांगून जायचं, उम्मेहानी संध्याकाळी दुकानात येऊन फुलाखाली नाव लिहायची आणि कार्ड खोक्यावर बसवायची. लोकांना ते आवडलं. एक हंगाम चांगला गेला. रामहरी आला तेव्हा शरिफाबीनेच त्याला दारातून सांगितलं, "आमची सून आता आर्टिस्ट हाय. तुमी दुसरीकडं बगा."

आता लेमन सेटबद्दल सांगितलं पाहिजे. लेमन सेट म्हणजे काचेचा जग आणि सहा पेले. तो आपल्याकडे सरबतासाठी नसतो. तो कपाटावर ठेवायचा असतो, आणि पुढचं लग्न आलं की उचलून द्यायचा असतो. जुनी चिठ्ठी काढायची, नवी लावायची. हे सगळे करतात आणि कुणी बोलत नाही, म्हणून ते नीट चालतं.

त्या वर्षी मार्गशीर्षात माझ्या शेजारच्या कमलबाईच्या मुलीचं, सृष्टीचं, लग्न झालं. आमच्या गल्लीतल्या धुरपताबाईंनी तिला लेमन सेट दिला. धुरपताबाई सत्तरीच्या, बोलायला कडक, पण देण्यात हात सैल. सेट त्यांनी नवा घेतला होता. खोक्यावर उम्मेहानीचं बोगनवेलीचं फूल होतं.

वैशाखात धुरपताबाईंच्या नातीचं, प्रतीक्षाचं, लग्न झालं. दुसऱ्या दिवशी भेटी उघडायला आम्ही बायका त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. भूमच्या पाहुण्यांनी लेमन सेट दिला होता. वर त्यांच्या नावाची साधी चिठ्ठी होती आणि बाजूला बोगनवेलीचं सुंदर फूल.

"फूल बगा की ओ, किती छान," कमलबाई म्हणाली. ती माझ्या शेजारीच बसली होती.

धुरपताबाईंनी खोकं मांडीवर घेतलं. फूल उघडतं हे तिथे दोघींनाच माहीत होतं. एक मी, आणि दुसऱ्या धुरपताबाई, कारण त्यांनी ते दुकानात उघडून पाहिलं होतं. त्यांनी नखाने पाकळी उचलली. वाचलं. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"ह्यावर माजं नाव हाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मान वळवली ती थेट कमलबाईकडे.

"कमळे, भूमचे पाव्हणे तुजे कोण लागतेत?"

"माज्या भावाचे व्याही," कमलबाई म्हणाली. तिला तसं सांगायचं नव्हतं, पण प्रश्न सरळ होता.

"त्यांच्या लेकाच्या लग्नात तू काय दिलंस?"

"आता मावशी, इतकं कुठं ध्यानात ऱ्हातंय..."

"माज्या हाय," धुरपताबाई म्हणाल्या. "म्या दिलेलं माज्या घरी आलं. लई फिरून आलं. च्या तर दे गं त्याला कुणी."

कमलबाई चहा न घेता उठली. जाताना म्हणाली की तिला दूध तापवायचं आहे. दुपारचे दोन वाजले होते.

त्या संध्याकाळी गावात ज्या-ज्या घरी फूल लावलेलं खोकं होतं तिथे फूल उचलून पाहिलं गेलं. एका घड्याळाने तीन घरं पाहिली होती. एक जेवणाचा डबा सासरहून माहेरी आणि माहेरहून परत सासरी गेला होता. दोन जावा बोलेनाशा झाल्या. फूल काढून टाकायचा प्रयत्न बऱ्याच जणींनी केला. फुलाबरोबर खोक्याचा कागद सोलून यायचा आणि मग ते खोकं कुणाला देण्यासारखं राहायचं नाही. वर दुसरी चिठ्ठी लावावी तर खाली फुगलेलं फूल, ती बसायची नाही.

माझ्या शाळेत एक नियम होता. वर्गात काच फुटली की आधी चेंडू कुणाचा ते विचारायचं. गावानेही तसंच केलं. ज्यांनी भेटी फिरवल्या त्यांना कुणी काही म्हणालं नाही, कारण सगळ्यांनीच फिरवल्या होत्या. सगळे उम्मेहानीवर घसरले.

"नाव वर लिवायला काय झालं होतं तिला?" कमलबाई मला म्हणाली. "वर असतं तर आमी बगून तरी दिलं असतं."

शिवलिंगप्पांनी उरलेली कार्डं एका पिशवीत घालून परत केली. ते सभ्य गृहस्थ. म्हणाले, "उम्मेहानी, तुझ्या कामाला नाव ठेवत नाही मी. पण जरा कमी चिकटव. बोटाने ओढलं की निघालं पाहिजे. असं जमलं तर घेऊन ये."

ती रात्र-दिवस तेच करत बसली. खळीत पाणी घातलं. कमी दाबून पाहिलं. मी गेले तेव्हा ती एक कार्ड लावायची, ओढून पाहायची, आणि ते निघालं की तिच्या तोंडावर असं यायचं, जणू स्वतःचीच चूक पकडली. मग हात आपोआप जाऊन ते नीट दाबून बसवायचा.

"होत न्हाय बाई. मन म्हणतंय सोड, हात सोडत न्हाय."

कोपऱ्यात शरिफाबी लसूण सोलत होती. "हाताचं काय चुकलं? म्याच शिकवलं त्याला." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "रामहरी उद्या येनार हाय म्हनं."

निखत आता पहिलीत होती. ती दारात बसून अक्षरं गिरवत होती, आणि उम्मेहानी तिच्या हाताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी रामहरी आला. मीही होते; फुलं द्यायला गेले होते, हे कारण पुरेसं होतं. तो उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "मग? आता आर्टिस्ट रिकामी हाय म्हनं. सोमवारपासून ये. नळ्याच वळ, दारूकडं जाऊ नको."

"दारूकडं न्हाय म्हणता आणि माणूस कमी पडलं की तिकडंच बसवता," उम्मेहानी म्हणाली.

"आता काम म्हटल्यावर..." रामहरी म्हणाला, आणि त्याच वेळी त्याच्यामागून धुरपताबाई आल्या. काठी त्यांनी त्याच्या पायाजवळ टेकवली, तसा तो बाजूला झाला.

"उम्मे, हायस का? बस बस. पाच कार्डं पाहिजेत. जेष्ठात माज्या भाच्याकडं लगीन हाय."

उम्मेहानी हळूच म्हणाली, "मावशी, हलकी जमत न्हाईत मला."

"हलकी कोण मागतंय? माजं नाव असं चिकटव की म्या मेल्यावर बी निघू नये. दिलेलं तिथंच ऱ्हायला पाहिजे. पुना फिरून आलं तर तुला जाब इचारीन."

"अन् नाव वर लिवू का आत?"

धुरपताबाईंनी थोडा विचार केला. "आतच. वर लिवलं तर सावध व्हतील."

रामहरीने दोघींकडे पाहिलं. "मग सोमवारचं काय?"

"न्हाय जमायचं, दादा," उम्मेहानी म्हणाली, आणि पाकळ्यांचा डबा उघडला.

पुढे जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. भेट घेताना ते फूल कुणालाच नको होतं, पण देताना प्रत्येकाला हवं होतं. आपण दिलेली वस्तू दुसऱ्याने फिरवू नये असं ज्याला-त्याला वाटतं, आणि दुकानात पैसे देणारा असतो तो देणारा. शिवलिंगप्पांच्या हे लवकर ध्यानात आलं. आषाढात त्यांनी पिशवी पाठवून कार्डं परत मागवली. कमलबाईने सहा घेतली. घेताना मला म्हणाली, "लोकांचा भरवसा राह्यला न्हाय बाई आता."

ज्यांना तरीही सुटणारं कार्ड पाहिजे असतं त्यांच्यासाठी शरिफाबी दोऱ्याने बांधायची वेगळी कार्डं करते. सुनेला ती दाखवत नाही. ती सुनेच्या मते ढिली आहेत.

धुरपताबाईंनी तो लेमन सेट कुणाला दिला नाही. त्या उन्हाळ्यात त्यांनी तो उघडला, आणि मला सरबताला बोलावलं. सहा पेल्यांपैकी एक फुटलेला निघाला. तो तेरखेड्यात फुटला की भूमला, हे सांगणारं फूल खोक्यावर नव्हतं.

उम्मेहानी आता शेडवर जात नाही. सकाळी निखतला शाळेत सोडून ती माझ्या दारातली बोगनवेल वेचून नेते आणि दुपारी खळ शिजवते. तिच्या चपात्या चमकत नाहीत.